ऊन लागलं म्हणे

क्वेकर्स हिल, सिडनी
२ ऑगस्ट २०२१

शोभाताई,

जयभीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहावं की नाही, या विचारात माझा चहा गार झाला. शेवटी तसंच सोडलं. प्रेम आहे की नाही ते पत्र वाचून तुम्हीच ठरवा.

मी करुणा. तुमच्या भावाची, सुजितची बायको. ओळख द्यावी लागतेय, कारण आमच्या घरात कित्येक वर्षांत तुमचं नाव निघालेलं नाही आणि तुमच्याकडे आमचंही निघत नसणार. तुमचा नंबर तुमच्या चुलतबहिणीकडून, विनिताकडून मिळवला. तिने दहा प्रश्न विचारले, मी एकाचंही धड उत्तर दिलं नाही. पोस्टाची पत्रं सध्या कासवाच्या पाठीवरून जातायत, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. फोन केला असता, पण लॉकडाउनमुळे सुजितचं ऑफिस आमच्या डायनिंग टेबलावर आहे. मी किचनमध्ये शिंकले तरी त्याच्या मीटिंगमध्ये ऐकू जातं. हे मी चाइल्डकेअरच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून लिहितेय. तिथे मी कामाला आहे. नर्स-पोलिसांची पोरं सांभाळायची असतात, त्यामुळे आमचं सेंटर चालू आहे.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये काय चाललं होतं ते टीव्हीवर बघत होतो. तुम्ही बऱ्या आहात ना? एकट्याच असता असं विनिता म्हणाली.

आता मुद्द्यावर येते. मला भीती वाटतेय, आणि भीती वाटली की मी भलतीकडेच बडबडत सुटते.

क्षितिजा अठरा वर्षांची झाली. तुम्ही तिला पाहिलंत तेव्हा ती पाच वर्षांची होती. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि 'पोळी खा' म्हटलं तरी इंग्लिशमध्ये भांडते. ती इथलं फुटबॉल खेळते. आपल्या खडकीचं नव्हे हं! इथला चेंडू लंबगोल, हातानेही मारायचा आणि पायानेही, आणि पळायचं तर इतकं की बघणाऱ्याला धाप लागावी. फूटी म्हणतात. त्यात बायकांची मोठी लीग आहे आणि वर्षातून एकदा ड्राफ्ट असतो. म्हणजे सगळे क्लब नव्या पोरींमधून आळीपाळीने एकेक निवडतात. मागच्या मोसमात जो तळाला, त्याला आधी निवडायला मिळतं. मागच्या पंगतीत उपाशी राहिलेल्याच्या पानात या वेळी आधी वाढायचं, तसं. मला हा नियम फार आवडला. आपल्याकडे असा नियम असता तर किती घरांचं भलं झालं असतं!

गेल्या आठवड्यात मेलबर्नच्या एका क्लबने क्षितिजाला घेतलं. साधंसुधं नाही घेतलं. दुसऱ्या क्लबशी अदलाबदल केली: आमची पुढच्या वर्षीची पहिली निवड तुम्हाला, यंदाची तुमची आम्हाला. कुणासाठी? आपल्या पोरीसाठी. सुजित सोफ्यावर उभा राहून नाचला. मी इतक्या वर्षांत त्याला नाचताना पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही.

आणि मला भीती त्याचीच वाटतेय, ताई.

ड्राफ्टच्या आधी क्लबच्या डॉक्टरांनी व्हिडिओवर आमची मुलाखत घेतली. सुजितने अशी तयारी केली, की पोरगी दाखवायलाच बसवतोय. हॉल आवरला, मागे बाबासाहेबांचा फोटो नीट दिसेल असा लॅपटॉप ठेवला, क्षितिजाला सांगितलं, घोटा मुरगळलेलं बोलू नकोस, विचारलंच तर हसून सांग. मी ट्रेमधून पोहे घेऊन यायचंच काय ते बाकी होतं. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, हिच्या ईसीजीत एक रेघ जराशी वेगळी आहे. फार पळणाऱ्यांची कधीकधी असते, एरवी मी काळजी केली नसती. फक्त एक सांगा, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का? खेळताना, झोपेत, कसंही? असेल तर आपण पुढच्या तपासण्या करू.

सुजित हसला. अगदी तस्सा, वरपक्षासमोर हसतात तसा. "नो नो डॉक्टर. ऑल फिट अँड फाइन. आमच्याकडे सगळे नव्वदीपर्यंत जगतात."

तुमचे वडील बासष्टाव्या वर्षी गेले. आणि विवेक होता.

विवेकभावजींबद्दल मला एवढंच माहीत आहे: तुमच्यापेक्षा लहान, सुजितपेक्षा मोठा, खडकीच्या मैदानावर फुटबॉल खेळताना ऊन लागून गेला. एकोणीस वर्षांचा होता. घरात त्याचा फोटो नाही, त्याच्या वर्षदिवसाला कधी पुण्यानुमोदन झालं नाही. मी सून म्हणून आले आणि एकदा विचारलं तेव्हा सासूबाई नुसत्या म्हणाल्या, "ऊन लागलं गं." आणि पीठ मळायला लागल्या.

मला एवढंच सांगा. खरंच ऊन लागलं होतं?

करुणा


क्वेकर्स हिल
९ ऑगस्ट २०२१

शोभाताई,

तुम्ही वाचलंत. दोन्ही रेघा निळ्या झाल्या, मी बघितल्या. उत्तर नाही. रागावला असाल तर रागवा, तुमचा हक्क आहे, पण रागात का होईना, उत्तर द्या.

काल काय झालं ते सांगते. क्षितिजाला मेलबर्नला जायचा परवाना मिळेपर्यंत इथेच सराव करायचाय. क्लबच्या डेव्हलपमेंट कोचने, मेगन तिचं नाव, फोनवर रोजचं वेळापत्रक पाठवलंय. इतकं पळ, इतकं थांब, पुन्हा पळ. आमच्या भागात नियम कडक आहेत, जमायला बंदी, म्हणून ओव्हलवर, म्हणजे इथल्या मैदानावर, ती एकटी पळते. मी आता 'वॉकला येते' म्हणून तिच्यामागे जाते. ती म्हणते, मम, यू आर सो एम्बॅरसिंग. म्हण बाई.

काल पळता पळता ती थांबली. गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. मला वाटलं, बूट बांधतेय. मग ती गवतावर बसली, आणि मी धावले. ताई, मी कॉलेजनंतर धावले नव्हते. तिचे ओठ पांढरे पडले होते. हात लावला तर घामाने थंड. मी ओरडले, क्षितिजा! तर म्हणते, "आय एम फाइन. जस्ट डिझी. जेवले नाही ना सकाळी." मग हळूच माझा हात धरून म्हणाली, "बाबांना सांगू नको. मेगला तर नकोच. प्लीज, आई." मम नाही, आई म्हणाली. तिला काही हवं असलं की आई म्हणते. एरवी ते ऐकायला मिळत नाही, म्हणून मी चटकन 'हो' म्हणून बसले.

घरी येऊन मी सुजितला विचारलं. तिचं नाही सांगितलं, तुमच्या घरचं विचारलं. म्हटलं, विवेकला नक्की काय झालं होतं? तो मीटिंगसाठी शर्ट घालत होता, खाली पायजमाच. असा काही ओरडला की शेजारच्या फिजीवाल्या मावशी खिडकीत आल्या. "ऊन लागलं! संपला विषय! आता हे कुणासमोर बोललीस तर पोरीचं वाटोळं करशील." मग आवाज खाली आणून म्हणाला, "क्लब तिला काढून टाकेल. आणि ते सोड. उद्या तिच्या लग्नाला कोण उभं राहील? हार्ट पेशंट म्हणून शिक्का बसेल, करुणा."

बघा. लीग ऑस्ट्रेलियाची, पोरगी अठराची, तिला लग्नाचं नावही काढलेलं चालत नाही, आणि हा मनातल्या मनात पत्रिका छापतोय. पण मी त्याला हसू शकले नाही. कारण मलाही ते सुचून गेलं होतं. आपण पोरीची खोट झाकतो, हे आपल्या हाडात आहे. चष्मा काढून फोटो, डाग आला तर पावडर. क्लबने विचारलं तेव्हा सुजितला ते तपासणीला आलेत असं वाटलंच नाही, स्थळ बघायला आलेत असंच वाटलं. आणि ते विचारत होते ते तिच्या जिवासाठी.

परवा मेगनने निवडलेल्या पोरींच्या आईवडिलांसाठी झूम ठेवला. चांगली आहे हो बाई. केस कापलेले, मांडीवर कुत्रा. तिने समजावलं की क्लब तळाला का राहतो आणि वर कसा येतो. म्हणाली, आम्ही वर्षानुवर्षं तयार खेळाडू आणले, तिशीच्या, नावाजलेल्या. एक मोसम चमकल्या आणि संपलं. टीम विकत आणता येत नाही, वाढवावी लागते. म्हणून या वेळी पाच कोवळ्या पोरी घेतल्या. पहिली दोन वर्षं आपण हरणार आहोत, तुम्ही चिडू नका. या पाचजणी एकत्र हरतील, एकत्र शिकतील, आणि तिसऱ्या वर्षी बघा. क्षितिजाबद्दल म्हणाली, "तिच्यापेक्षा आज चांगल्या खेळणाऱ्या दोघी होत्या. पण आम्ही आजची क्षितिजा घेतली नाही. आम्ही चोवीस वर्षांची क्षितिजा घेतली."

सगळे टाळ्या वाजवत होते. सुजितचे डोळे भरून आले होते. मी मात्र आकडे मोजत होते. चोवीस! विवेक चोवीसचा झालाच नाही.

मला सगळं आठवतंय, ताई. क्षितिजाच्या पाचव्या वाढदिवसाला, दापोडीच्या त्या हॉलमध्ये, ती फुग्यामागे पळत होती. तुम्ही तिला मध्येच पकडलंत, खाली बसलात आणि सगळ्यांसमोर तिच्या छातीला कान लावलात. म्हणालात, "हिला पळवू नका रे. आधी दाखवून आणा." सुजितने तुम्हाला हाताला धरून दारापर्यंत नेलं. बायका कुजबुजल्या, मूल नाही ना तिला, म्हणून. आपण म्हणे अपशकुन मानत नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, पण त्या दिवशी सगळा हॉल मानत होता.

तुम्ही काय ऐकत होतात तेव्हा? सांगा मला. मी हात जोडते. सोमवारी मेगन तिची मोठी टेस्ट घेणार आहे, दोन किलोमीटर, जीव तोडून पळायचं. फोनवर वेळ लावून. एकटीने.

करुणा


क्वेकर्स हिल
१२ ऑगस्ट २०२१

ताई,

तुमचा निरोप आला. सकाळी मी पोरांना फळं कापून देत होते. वाचला आणि सुरी खाली ठेवली. सेंटरमधली चारुता म्हणाली, काय गं, कुणी गेलं का? मी म्हटलं, हो. छत्तीस वर्षांपूर्वी.

'ऊन कसलं? डिसेंबर होता. सकाळी सातची मॅच, पोरं स्वेटर घालून बघायला आली होती.'

एवढंच वाचून मी बाथरूममध्ये जाऊन बसले, आणि बाकीचं तिथे वाचलं. विवेक चेंडू घेऊन पळाला, थांबला, बसला, आणि आडवा झाला. पोस्टमॉर्टेमच्या डॉक्टरांनी तुमच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, हृदयाचा स्नायू जाड झाला होता, जन्माचं आहे, रक्तातून येतं, बाकीच्या भावंडांना दाखवा. आणि तुमचं लग्न ठरलेलं होतं. पंधरा दिवसांवर साखरपुडा. म्हणून वडिलांनी घरी येऊन सगळ्यांना बसवून सांगितलं: ऊन लागलं. डिसेंबरमध्ये! आणि माणसांनी मानलंही. खरं ऐकायचं नसलं की डिसेंबरातही ऊन लागतं.

तुम्ही लिहिलंय, 'मी लग्न केलं, पण मूल होऊ दिलं नाही. सासरचे वांझ म्हणाले, म्हणू दिलं. मला रोज सकाळी उठून पोराच्या छातीला कान लावायचा नव्हता.' ताई, मी काय लिहू याच्यावर? बाथरूमच्या बाहेर पोरं दार वाजवत होती, मिस करुणा, मिस करुणा, आणि मी तोंडात ओढणी कोंबून रडत होते.

आता पुढचं ऐका. मी सांगितलं.

सुजितला न विचारता, गाडीतून, क्लबच्या डॉक्टरला फोन लावला. माझं इंग्लिश एरवी बरं आहे, पण जीभ अशी अडखळली की तो म्हणाला, टेक युअर टाइम. म्हटलं, माझ्या दिराचा मृत्यू. एकोणीस. खेळताना. हृदय. आणि माझी मुलगी रविवारी गवतावर बसली. तो लगेच म्हणाला, "ती आत्ता कुठे आहे?" मी म्हटलं, ओव्हलवर, सरावाला. म्हणाला, "फोन ठेवा आणि तिला थांबवा. पळू देऊ नका. चालतसुद्धा हळू आणा."

शोभाताई, सेंटरपासून ओव्हल गाडीने जवळ आहे. पण मध्ये एक सिग्नल लाल होता. मी त्या सिग्नलला जेवढी घाबरले तेवढी बाळंतपणातही घाबरले नव्हते. रस्त्यावर एकही गाडी नाही, लॉकडाउन, आणि मी लाल दिव्यासमोर बसून ओरडत होते. शेवटी तोडला. दंड यायचा तर येवो.

ती पळत होती. कानात गाणी. मी हॉर्न दाबून धरला. तिने वळून बघितलं, हसली, आणि मला दाखवायला आणखी जोरात पळाली. मी मैदानात शिरले, चप्पल निघाली, तिच्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले. ती थांबली. "व्हॉट द हेल, मम?"

मी सगळं सांगितलं. तिथेच, गवतावर. विवेकाचं, तुमचं, डॉक्टरचं. तिने आधी ऐकलं. मग विचारलं, "तू क्लबला सांगितलंस?" मी हो म्हटलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की जणू ती मला ओळखतच नाही. "मी नऊ वर्षांची असल्यापासून," म्हणाली. तेवढंच म्हणून गाडीकडे चालायला लागली. गाडीत मागे बसली, टॅक्सीत बसतात तशी.

घरी सुजितला कळलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. जिन्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "तू तिला संपवलीस."

मी तिला वाचवली की संपवली, मला माहीत नाही. तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. तोवर ती आपल्या खोलीत, मी दाराबाहेर. अधूनमधून कान देऊन ऐकते, आत काही हलतंय का. तुमच्यासारखीच झालेय.

करुणा


क्वेकर्स हिल
२६ ऑगस्ट २०२१

ताई,

आहे.

विवेकला होतं तेच. स्नायू जाड आहे, भिंत जाड आहे, ठोक्याची लय मध्येच बिघडते. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. काळंपांढरं काहीतरी उघडत-मिटत होतं. मला वाटत होतं, काही फाटलेलं, तुटलेलं दिसेल. तसं काही नव्हतं. एक हृदय चाललेलं होतं, बस. गोळ्या सुरू झाल्या. जपून राहिली तर आयुष्य लांब आहे म्हणतात. फूटी बंद. कायमची.

क्षितिजाने एकच प्रश्न विचारला, "नॉट इव्हन ट्रेनिंग?" डॉक्टरांनी मान हलवली. ती रडली नाही. मास्कवरून डोळे दिसत होते नुसते. गाडीत बसल्यावर तिने फोन काढला आणि त्या पाचजणींच्या ग्रुपमध्ये लिहिलं. मग फोन माझ्या पर्समध्ये टाकला आणि खिडकीबाहेर बघत बसली. तो फोन घरी येईपर्यंत पर्समध्ये थरथरत होता.

त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. जेवते, गोळी घेते, भांडं घासते. मी विचारलं, भाजी कशी झालीय, तर "गुड." परवा बघितलं, त्या चौघींचा सराव झूमवर चालू होता आणि ही कॅमेरा बंद करून, पलंगावर बसून बघत होती. मेगन त्यांना सांगत होती, विंगवरची जागा आता कोण भरणार. ती क्षितिजाची जागा. मी दार ओढून घेतलं.

सुजितला दुसरीच टोचणी. क्लबने आपल्यासाठी पुढच्या वर्षीची निवड दिली, आपण त्यांना बुडवलं, आपण खोटारडे ठरलो. त्याने मेगनला माफीचा ईमेल लिहायला घेतला, तीन दिवस लिहीतच होता. शेवटी तिनेच फोन केला, मला. मी आधीच म्हटलं, सॉरी, तुमची निवड वाया गेली. ती म्हणाली, "करुणा, त्या सोमवारी मी तिला दोन किलोमीटर पळायला लावणार होते. मी फोनवर ओरडणार होते, पुश, पुश. मला तेच स्वप्न पडतंय." मग नाक ओढून म्हणाली, "पुढच्या वर्षीची पहिली निवडही आमच्याकडे नाही. पुन्हा तळाला येऊ. येऊ दे. टीम परत उभी करता येते. वेळ लागतो, एवढंच."

फोन ठेवायला दोघींपैकी कुणीच आधी तयार नव्हतं.

डॉक्टरांनी एक सांगितलंय. हे रक्तातून येतं, म्हणजे तिला आईकडून किंवा वडिलांकडून आलं. विवेक वडिलांकडचा. तेव्हा सुजितने तपासून घ्यायचं. सुजित म्हणाला, बघू, लॉकडाउन उठू दे. मी म्हटलं, हॉस्पिटलला जायला बंदी नाहीये. तो म्हणाला, मी बरा आहे. तेच हसू, ताई. वरपक्षासमोरचं.

मग काल कळलं. तो लाँड्रीची बादली घेऊन जिना चढत होता, मध्येच थांबला, भिंतीला हात लावला. मी खालून बघत होते. म्हटलं, किती दिवस होतंय असं? म्हणाला, काही नाही गं, पाय घसरला. मी पुन्हा विचारलं. मग तो त्याच पायरीवर बसला आणि बादली मांडीवर घेऊन म्हणाला, "तिशीपासून." त्याने क्रिकेट सोडलं होतं ते गुडघा दुखतो म्हणून नव्हे. कामावर लिफ्ट नसेल त्या साइटवर तो वर जात नाही. "मला वाटायचं, तपासलं नाही तोवर नाहीये. विवेक डॉक्टरांकडे गेला नव्हता ना, तोवर त्याला पण काही नव्हतं."

इतकी वर्षं मी या माणसाला आळशी म्हणत होते, ताई. तो जिना चढायला घाबरत होता. आणि त्या दिवशी डॉक्टरांसमोर तो पोरीचं झाकत नव्हता फक्त. स्वतःचंही झाकत होता. मला राग आला, इतका की बादली हिसकावून खाली फेकली. आणि मग त्याच्या शेजारी बसले.

करुणा


क्वेकर्स हिल
१९ सप्टेंबर २०२१

शोभाताई, सप्रेम जयभीम.

सुजितलाही आहे. त्याचं क्षितिजापेक्षा पुढे गेलेलं. छातीत कातडीखाली एक यंत्र बसवणार आहेत, लय बिघडली तर धक्का देऊन सावरणारं. डॉक्टर म्हणाले, हा माणूस इतकी वर्षं चालताबोलता राहिला हे नशीब. त्याला आता घरात कपडे वाळत घालायचीसुद्धा परवानगी मी देत नाही. तो चिडतो. चिडू दे, जिवंत माणूस चिडतो.

एमआरआयला सोबत एकच माणूस आत सोडत होते. मी पुढे झाले, तर क्षितिजा म्हणाली, "नो. मी जाते. मला ते मशीन माहितीये." महिन्याभरात माझ्याशी बोललेलं तिचं हे सगळ्यात मोठं वाक्य. मी पार्किंगमध्ये बसले. दोघं बाहेर आली तेव्हा सुजितचा हात तिच्या हातात होता. त्याने नंतर सांगितलं, आत जायच्या आधी तो दाराशीच थांबला, तेव्हा ती त्याच्या कानाशी म्हणाली, "बाबा, ब्रीद. मी इथे आहे. मी कुठे जात नाहीये." गाडीत तिने पहिल्यांदा तुमच्याबद्दल विचारलं. आत्या कशी दिसते? माझं मराठी तिला कळेल का? आणि मग, "डज शी हॅव इट?"

सुजितने तोंड फिरवलं. मी म्हटलं, माहीत नाही.

म्हणून हे पत्र. तुम्ही तिघं भावंडं. विवेक गेला, सुजितला निघालं. राहिलात तुम्ही. मी मेसेजवर चार वेळा विचारलं, तपासलंत का? तुम्ही विवेकाचं सांगितलंत, लग्नाचं सांगितलंत, एवढं सगळं लिहिलंत, आणि या एका प्रश्नाला रेघा निळ्या होतात आणि पुढे काही नाही. विनिताला विचारलं तर ती म्हणाली, ताई हल्ली बाजारात जात नाहीत, दम लागतो म्हणतात, वय झालं म्हणतात. कसलं वय? साठीही गाठली नाहीत अजून! तुम्ही दुसऱ्याच्या लेकराच्या छातीला कान लावलात. स्वतःच्या छातीला कुणी लावायचा?

मला पोरीची भीती होती, ती आता गोळीच्या डबीत आहे, रोज सकाळी मोजून देते. नवऱ्याची भीती पुढच्या मंगळवारी यंत्रात जाईल. तुमची भीती मात्र समुद्रापलीकडे आहे आणि मला तिकडे येता येत नाही. सीमा बंद आहेत. मी पळत येऊ शकत नाही, हॉर्न वाजवू शकत नाही, मध्ये हात पसरून उभी राहू शकत नाही.

सुजित इथेच बसलाय. त्याला म्हटलं, तू लिही बहिणीला. त्याने पेन घेतलं, 'ताई' लिहिलं आणि परत ठेवलं. त्याच्याच्याने होत नाहीये अजून. खाली तेवढं त्याचं अक्षर आहे, बघा. त्याच्याखाली क्षितिजाचं. शनिवारच्या मराठी शाळेत तीनच वर्षं गेली होती, चुका काढू नका.

करुणा


ताई


आत्या, मी क्षितिजा. टेस्टला दुखत नाय. मशीनचा आवाज खूप मोठा आहे, पण आवाजच आहे. तू व्हिडिओ कॉल लाव आणि फोन नर्सला दे. मी पूर्ण वेळ लाइनवर राहीन. मला आता ट्रेनिंग नसतं, मला वेळच वेळ आहे. तू सोमवारी जा. प्लीज जा.